डॉर्कसचे हात सिनेमात गेले

दुसऱ्या महायुद्धाच्या तिसऱ्या उन्हाळ्यात सिनेमावाले यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या स्कार्थविकला आले. गावात उतरणारी वाट इतकी खडी, की त्यांचा ट्रक वरच कड्यावर थांबला आणि कॅमेरे, दिवे, तारांची भेंडोळी माणसांनी खांद्यावरून खाली बंदरात आणली. गावातले तरणे पुरुष नौदलात गेलेले. मागे उरले म्हातारे, बायका आणि मांजरं, आणि सिनेमावाल्यांना नेमके तेच हवे होते.

सिनेमाचं नाव होतं ‘भरतीच्या आधी’. मासेमारीची एक जुनी बोट नौदल ताब्यात घेतं आणि तिच्यावरच्या कोळ्यांनाच पाण्यातले सुरुंग काढायला पाठवतं, अशी गोष्ट. ती गोष्ट गावाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. स्कार्थविकच्या चार बोटी त्याच कामावर होत्या. पूर्वी पाच होत्या.

पाचवीवर रूबेन वेरिल होता. डॉर्कसचा नवरा.

डॉर्कस तेव्हा पस्तिशीची. हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. सासूबरोबर बंदरामागच्या गल्लीत राहायची आणि ईसॉ काकांच्या होडीसाठी गळांचे दोर तयार करून द्यायची. शिंपले उघडायचे, आतला गोळा सुरीने सोडवायचा, एकेका गळाला नीट बसवायचा आणि दोर सुपासारख्या टोपलीत असा रचायचा, की होडीतून सोडताना गुंता होऊ नये. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची प्रत्येक सकाळ यातच जायची. त्याआधी आईच्या घरीही तेच.

दिग्दर्शकाचं नाव मिस्टर ऑस्गुड. उंच, किंचित पोक आलेला माणूस, कायम सर्दी झालेला. त्याने बंदरावर विचारलं, दोर सगळ्यात चांगला कोण भरतं? बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शेजारची फीबी हार्कर म्हणाली, “चांगला आम्ही सगळ्याच भरतो. पण न बोलता भरणारी एकच आहे.”

तशी डॉर्कस रोझालिंड टॅरंटची मास्तरीण झाली.

टॅरंट बाई लंडनच्या नाटकातल्या. सिनेमात त्या बोटीच्या कप्तानाच्या बायकोचं काम करणार होत्या. रोज सकाळी त्या वेरिलांच्या स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसायच्या आणि शिंपल्याशी झटापट करायच्या. पहिल्याच दिवशी तीन बोटं कापली. डॉर्कसची सासू केझाया कोपऱ्यात विणत बसलेली. तिने वर न बघता मिठाचं पाणी पुढे सरकवलं.

“बुडव,” ती म्हणाली.

“झोंबेल का?” टॅरंट बाईंनी विचारलं.

“झोंबायलाच ठेवलंय.”

केझाया प्रार्थनामंदिराच्या पहिल्या बाकावर बसणारी. नाटक, सिनेमा, पत्ते, दारू ही चारही एकाच खड्ड्याकडे जाणारी पायवाट, असं तिचं ठाम मत. तरी ही पोरगी रोज हात कापून घेते आणि दुसऱ्या दिवशी परत येते, हे तिने पाहिलं. चौथ्या दिवशी टॅरंट बाई गेल्यावर ती एवढंच म्हणाली, “रंग लावते तोंडाला. पण कामचुकार नाही.”

सासू-सुनेत त्या दिवसांत हे एवढं बोलणंसुद्धा पुष्कळ होतं.

दोघींमध्ये भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटलं असतं. रूबेनच्या मरणाची बातमी आली तो फेब्रुवारीचा दिवस दोघींच्या मध्ये आडवा पडला होता. त्या सकाळी डॉर्कस टेबलाशी दोर भरत होती. केझाया माडीवर अंथरुणं आवरत होती. धर्मोपदेशक मिस्टर ओटली आले, त्यांनी सांगायचं ते दारातच डॉर्कसला सांगितलं आणि मग जिना चढून म्हातारीकडे गेले. केझाया त्यांचा हात धरून खाली उतरली तेव्हा तिला काय दिसलं, तर सून टेबलाशी बसून गळाला शिंपला लावते आहे. एक लावला, दुसरा घेतला. डोळे कोरडे.

“माझा पोर गेला,” केझाया म्हणाली, “आणि तू दोर भरतेस? दगड आहेस तू, पोरी. दगड.”

डॉर्कसने पुढचा गळ उचलला. उत्तर सुचलं तेव्हा वेळ गेलेली होती. केझायानेही तो शब्द पुन्हा काढला नाही. दोघी एका चुलीवर जेवत होत्या, एका बाकावर प्रार्थना म्हणत होत्या, म्हातारीचे पाय दुखले की डॉर्कस तेल चोळत होती. पण रूबेनचं नाव त्या घरात कुणी घेत नव्हतं. खुंटीवर त्याचा निळा विणलेला स्वेटर तसाच होता. झाडताना दोघी त्याच्या बाजूने झाडू फिरवायच्या.

सिनेमावाल्यांनी बंदरावरच्या शिडांच्या कोठारात स्वयंपाकघर उभं केलं. तीन भिंतींचं. चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरा. बायका बघायला गेल्या आणि फीबीने तिथल्या तिथे निकाल दिला, “भिंत एक कमी, पण कपाट बघा केवढं. कप्तानाच्या बायकोला चोरीचं काही मिळतं की काय?” दुसऱ्या दिवशी कपाट बदललेलं होतं. ऑस्गुड ऐकणारा माणूस होता. ईसॉ काकांना त्याने तीच टोपली घेऊन कॅमेऱ्यापुढून दिवसभर चालायला लावलं, तेव्हा काकांनी त्याला काय काय ऐकवलं, तेही त्याने रुमालात नाक शिंकरत ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, “बरोबर आहे, काका. आणखी एकदाच चालाल का?”

प्रसंग असा लिहिलेला होता: बायको दोर भरते आहे. दार वाजतं. ती उठते, दार उघडते, उपदेशकाचं तोंड बघते आणि किंचाळते.

टॅरंट बाईंनी तो करून बघितला. शिंपला उघडायला त्या शिकल्या होत्या, गळाला लावायलाही. पण हात विचार करून चालत होते आणि ते दिसत होतं. त्यांनी दोर खाली ठेवला आणि ऑस्गुडला म्हणाल्या, “माझे हात खोटं बोलतायत. तोंड माझं घ्या, हात मिसेस वेरिलचे घ्या.”

असं सांगणं किती अवघड, हे डॉर्कसला तेव्हा कळलं नाही. पुढे कळलं.

मग डॉर्कसला टॅरंट बाईंच्या पोशाखाच्या बाह्या चढवून टेबलाशी बसवलं. कॅमेरा अगदी जवळ आणला, फक्त मनगटापासून बोटांपर्यंत दिसेल असा. ऑस्गुडने सांगितलं, “तुम्ही नेहमीसारखं काम करा. बाहेरून आमचा माणूस दार वाजवेल. वाजलं की थांबा. बाकी काही करायचं नाही.”

“थांबून पुढे?”

“पुढे मी बघतो.”

दिवे लागले. कॅमेऱ्याची घरघर सुरू झाली. डॉर्कस दोर भरू लागली आणि थोड्याच वेळात कॅमेरा विसरली, कारण शिंपले ताजे होते, दोर ओळखीचा होता आणि हातांना बाकी काही ठाऊक नव्हतं. उपदेशकाचं काम करणारा नट रुंद काठाची काळी टोपी घालून बाहेर उभा होता. दाराकडे जाताना तो खिडकीवरून गेला. त्याची सावली टेबलावर पडली, शिंपल्यांवरून सरकली आणि गेली.

डॉर्कसचे हात थांबले.

दार अजून वाजलंच नव्हतं. एका हातात गळ, दुसऱ्यात अर्धा सोडवलेला शिंपला. कोठारात कुणी हललं नाही. नट दाराशी पोचला, पण आतून खूण मिळेना म्हणून तोही तसाच उभा राहिला. बराच वेळ गेला. मग ती बोटं पुन्हा हलली. शिंपला सुटला, गळाला लागला. पुढचा गळ वर आला.

ऑस्गुडने कॅमेरा थांबवला तेव्हा त्याचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

“मिसेस वेरिल, दार वाजायच्या आधी का थांबलात?”

“दार वाजेपर्यंत कोण थांबतं? उपदेशकाची टोपी दिसली ना खिडकीत.”

“आणि परत का सुरू केलंत?”

डॉर्कसला प्रश्नच विचित्र वाटला. “अर्धा दोर राहिला होता,” ती म्हणाली. “ईसॉ काकांची होडी भरतीला निघते. माझं काहीही झालं तरी त्यांचं पोट आहेच की.”

मग तिच्या लक्षात आलं, की आपण ईसॉ काकांचं नाव घेतलं, कप्तानाच्या बायकोचं बोलायचं सोडून. ऑस्गुडच्याही ते लक्षात आलं असावं. टॅरंट बाई कॅमेऱ्यामागून आल्या, तिच्या शेजारी स्टुलावर बसल्या आणि उरलेले शिंपले सोडवू लागल्या. बोटं कापत कापत त्यांनी तो दोर डॉर्कसबरोबर पुरा केला.

दुसऱ्या दिवशी किंचाळी पटकथेतून गेली. दाराची टकटकही गेली.

सिनेमा तयार होऊन जवळच्या व्हिटबी शहरातल्या थिएटरात लागायला पुढचा हिवाळा उजाडला. स्कार्थविकने शनिवारच्या दुपारच्या खेळासाठी बस ठरवली. ईसॉ काकांनी लग्नाचा कोट काढला. प्रश्न होता केझायाचा.

“मी येणार नाही,” ती म्हणाली. “अंधारात परक्या माणसांच्या शेजारी बसून रंगवलेल्या बाया बघायच्या? एवढी वर्षं नाही केलं ते.”

“आई, मी पण आहे त्यात,” डॉर्कस म्हणाली.

“तुला मी घरी बघते. फुकट.”

फीबी दारात उभी होती. ती म्हणाली, “केझाया, हिचं तोंड नाहीच आहे सिनेमात. नुसते हात आहेत. तोंड घरी ठेवलं आणि हात पाठवले, म्हणून सिनेमा बरा झाला म्हणतात. आणि उपदेशक मिस्टर ओटलीसुद्धा येतायत बसने. पुढची जागा धरलीय त्यांनी.”

“ओटली येतायत?”

“टोपीसकट.”

म्हातारीने विणकाम गुंडाळलं. “मग त्यांच्यावर नजर ठेवायला कुणीतरी पाहिजे,” ती म्हणाली आणि शाल घेतली.

थिएटरात स्कार्थविकने आपल्या तीन रांगा भरल्या आणि पहिल्या चित्रापासून समीक्षा सुरू केली. समुद्र दिसला, तर ईसॉ काका म्हणाले, “हा तर जुलैचा समुद्र. फेब्रुवारी कुठाय?” बोटीवरचा तरुण अधिकारी तोंडात चमचा धरल्यासारखं लंडनचं बोलू लागला, तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, हा आपल्या बाजूचा की त्यांच्या? कोळ्याचं काम करणाऱ्या नटाने दोराची गाठ मारली, तशी सगळी रांग कण्हली. “ती सुटणार,” फीबी पुटपुटली. “आत्ता सुटेल बघ.” सुटली नाही, याचंही तिला वाईट वाटलं.

पण हळूहळू बोलणं कमी झालं. सिनेमा घाई करत नव्हता. बोटीवर माणसं चहा पीत होती, एकमेकांची चेष्टा करत होती, सुरुंगाची वाट पाहत होती. कोण शूर, कोण भित्रा, हे कुणी सांगत नव्हतं. संगीत जवळपास नव्हतंच. इंजिनाचा ठोका मात्र सारखा चालू. ऐकणाऱ्याला त्याची इतकी सवय होत गेली, की तो चालू आहे हेच विसरायला झालं. मग पडद्यावर धुकं आलं, बोट त्यात गेली, आणि इंजिनाचा ठोका ऐकू येईनासा झाला. एवढंच. स्फोट नाही, ज्वाळा नाहीत, पाण्यात हातपाय मारणारी माणसं नाहीत. त्यानंतर थेट स्वयंपाकघर.

डॉर्कसने स्वतःचे हात पाहिले. पडद्यावर ते घराएवढे होते. नखाशेजारची जुनी खूण दिसली, करंगळीचं वाकडं पेर दिसलं. ते दोर भरत होते. सावली सरकली. ते थांबले.

डॉर्कसला तो वेळ कोठारात वाटला होता त्याहून मोठा वाटला. आपण एवढे थांबलो होतो? त्या फेब्रुवारीतही एवढेच थांबलो असू का? तेव्हा कुणी बघायला नव्हतं. मिस्टर ओटली बाहेर अंगणात धीर गोळा करत होते आणि सासू माडीवर होती. त्या दिवसाचा साक्षीदार कुणी नव्हता, ती स्वतःसुद्धा नव्हती. तिला त्यातलं फक्त शिंपल्यांचं गार पाणी आठवत होतं.

पडद्यावरचे हात पुन्हा चालू झाले. मग टॅरंट बाईंचं तोंड आलं. त्या उठल्या, दार उघडलं, उपदेशकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आत या. बाहेर गार आहे. चहा ठेवते.” आवाज नेहमीचा. पण बोलताना त्यांची नजर उपदेशकावरून त्याच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर गेली, जणू त्याच्याबरोबर आणखी कुणी आलंय का हे बघायला. एका क्षणात परत आली. डॉर्कसने मनात मानलं, की हे आपल्याला जमलं नसतं. आपलं तोंड त्या दिवशी लाकडासारखं झालं होतं. जे आपल्या तोंडावर यायला हवं होतं आणि आलं नाही, ते या बाईने आणून ठेवलं होतं.

फीबी रडत होती आणि त्याबद्दल कुणाकडे तरी रागाने बघत होती. मिस्टर ओटलींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. केझाया ताठ बसली होती. डॉर्कसने तिच्याकडे बघायचं टाळलं.

परतताना बस विमानहल्ल्यांच्या भीतीने झाकलेले मंद दिवे लावून कड्याच्या रस्त्याने हळूहळू चालली होती. पुढे ईसॉ काकांची समीक्षा रंगात आली होती: टोपली घेऊन ते पडद्यावर एका श्वासाएवढेच दिसले होते, तेही पाठमोरे. केझाया खिडकीशी बसली होती. तिने बाहेर बघत विचारलं, “थांबले होते तुझे हात?”

डॉर्कसला आधी कळलं नाही. मग कळलं.

“हो, आई.”

“त्या दिवशी?”

“हो.”

बसने एक वळण घेतलं. “मी जिना उतरले तेव्हा चालू होते,” म्हातारी म्हणाली. “मला वाटलं, थांबलेच नाहीत.”

“थांबले होते.”

“मी काय बोलले तुला.”

“जाऊ दे, आई.”

“जाऊ दे कसं? बोलले ना.” तिने शालीच्या आतून हात काढला आणि डॉर्कसच्या हातावर ठेवला. तो गार होता आणि विणून विणून त्याच्या बोटांना घट्टे पडले होते. “दगड कसली तू, पोरी. माझं तर दोन दिवस अन्न शिजवायचंही भान नव्हतं. तू शिजवत होतीस.”

डॉर्कसला तेव्हा रडू आलं. थिएटरात आलं नव्हतं ते बसमध्ये आलं, सगळ्या गावासमोर, आणि सगळ्या गावाने मोठ्या समजूतदारपणे ईसॉ काकांच्या पाठीबद्दल बोलणं चालू ठेवलं.

त्या रात्री जेवताना केझाया म्हणाली, “रूबेनला पावाची जळकी कड आवडायची.” डॉर्कस म्हणाली, “जळलेली नसली तर मुद्दाम जाळायचा.” एवढ्याने सुरुवात झाली. मग नाव घरात राहायला आलं. तो लहानपणी कड्यावर अडकला होता तो किस्सा, लग्नाआधी डॉर्कसच्या आईला घाबरून मागल्या दाराने पळाला होता तो किस्सा. म्हातारी सांगायची, सून दुरुस्त करायची. वसंतात केझायाने खुंटीवरचा स्वेटर उसवला आणि त्या लोकरीतून ईसॉ काकांसाठी हातमोजे विणले, कारण लोकर मिळत नव्हती आणि रूबेनला लोकर वाया गेलेली चालली नसती.

केझाया पुढे नऊ वर्षं जगली. ‘भरतीच्या आधी’ तिने आणखी दोनदा पाहिला. बाकी एकही सिनेमा पाहिला नाही. प्रार्थनामंदिरात कुणी छेडलं तर म्हणायची, “तो सिनेमा नाही. ती आमच्या घरची गोष्ट आहे. दिवे बंद करून सांगतात एवढंच.”

टॅरंट बाईंचं त्या सिनेमाने नाव झालं. ‘हातांनी अभिनय करणारी नटी’ असं कुणीतरी छापलं. फीबीने वर्तमानपत्र आणून मोठ्याने वाचलं आणि रागावली, “तुझे हात, आणि मान हिचा.” पण काही महिन्यांनी त्याच पत्रात त्यांची मुलाखत आली. त्यात त्यांनी म्हटलं होतं, की ते हात माझे नाहीत, यॉर्कशरमधल्या माझ्या शिक्षिकेचे आहेत. मला त्या हातांच्या लायकीचं तोंड शोधायला तीन दिवस लागले. फीबीने तेही मोठ्याने वाचलं. मग म्हणाली, “ठीक आहे. बरी आहे बाई.”

पुढे एकदा त्या यॉर्कला नाटक घेऊन आल्या असताना डॉर्कस जाऊन त्यांना भेटली. आल्याचा केक घेऊन गेली होती. टॅरंट बाईंनी बोटांवरच्या खुणा दाखवल्या आणि आधी विचारलं ते केझायाबद्दल. डॉर्कसने बसमधली हकीकत सांगितली. ती तिने आजवर कुणाला सांगितली नव्हती. सांगून झाल्यावर म्हणाली, “तुम्ही हात माझे घ्या म्हणालात, म्हणून हे झालं. आभार मानायला आले.” टॅरंट बाईंनी केक जवळ ओढला. मग म्हणाल्या, “आम्ही करतो ते काम कुणाच्या घरापर्यंत पोचतं की नाही, आम्हाला कधी कळत नाही हो. तुम्ही सांगायला आलात.”

युद्ध संपून बरीच वर्षं झाल्यावर, डॉर्कस शाळेच्या स्वयंपाकघरातल्या नोकरीतून निवृत्त व्हायला आली तेव्हा, गावात पायबस नावाचे नवे मास्तर आले. त्यांनी प्रार्थनामंदिरामागच्या खोलीत फिल्म मंडळ काढलं आणि एका संध्याकाळी ‘भरतीच्या आधी’ लावला. दाखवून झाल्यावर ते बोलायला उभे राहिले. अभ्यासू माणूस, मनापासून बोलणारा. ते म्हणाले, सिनेमा देखणा आहे, संयमी आहे, पण तो पुरता प्रामाणिक आहे असं मला म्हणवत नाही. अधिकारी विचार करतात आणि कोळी विनोद करतात. शेवटी सगळे आपापल्या जागी खूश असतात. सरकारला युद्धात लोकांनी असंच राहायला हवं होतं.

मागच्या रांगेतून डॉर्कस म्हणाली, “खरं आहे मास्तर.”

पायबसांना विरोधाची सवय होती, दुजोऱ्याची नव्हती. त्यांनी विचारलं, “तुम्हालाही तसं वाटतं?”

“वाटतं की. आणखी एक खोटं आहे त्यात. ती बाई दिवसभर एकटी दाखवलीय. आमच्याकडे उपदेशक अंगणाबाहेर पडायच्या आत ही फीबी पाव घेऊन आली असती.”

“आलेच होते,” फीबी म्हणाली. “हिने दारच उघडलं नाही.”

हशा पिकला. डॉर्कसही हसली. मग पायबसांनी विचारलं, “तरी तुम्ही आज परत आलात. का?”

तिने जरा विचार केला. गावात सगळ्यांना तिच्या हातांचं ठाऊक होतं. ते सांगायचं कारण नव्हतं.

“स्फोट दाखवला नाही म्हणून,” ती म्हणाली. “आमच्यापैकी कुणीच स्फोट बघितला नव्हता, मास्तर. माणूस सकाळी गेला आणि मग कुणीतरी येऊन सांगितलं, आम्हाला मिळालं ते एवढंच. ज्यांनी तो सिनेमा केला, त्यांना मोठा आवाज काढता आला असता. नाही काढला. आम्हाला जिथपर्यंत दिसलं तिथेच ते आमच्याबरोबर उभे राहिले. आणि त्या बाईला भाषण दिलं नाही. देशासाठी वगैरे. चहा ठेवते म्हणाली. सरकारला काय हवं होतं ते असेल. पण त्या चहावर सरकारचं नाव नव्हतं.”

पायबसांनी चष्मा काढून पुसला. “हे मला दिसलं नव्हतं,” ते म्हणाले. “अधिकाऱ्यांबद्दलचं माझं म्हणणं तरी मी मागे घेणार नाही.”

“घेऊ नका,” डॉर्कस म्हणाली. “तो बोटीवरचा अधिकारी पोरगा भयंकरच आहे. पण सिनेमा माणसासारखाच असतो की नाही? एखाद्याने आपल्या वाईट वेळी एक गोष्ट नीट केली असली, तर त्याचा बाकीचा तिरसटपणा आपण चालवून घेतो.”

मग बायकांनी चहा आणला, पुरुषांनी खुर्च्या भिंतीला लावल्या. पायबस कप घेऊन डॉर्कसशेजारी येऊन बसले आणि इंजिनाच्या ठोक्याबद्दल विचारू लागले. तो कुठे बंद होतो हे त्यांना नक्की पकडता आलं नव्हतं. तिलाही नव्हतं, इतक्या वेळा बघून. त्यावर दोघांचं बराच वेळ चाललं. शेवटी फीबीने कोट आणून डॉर्कसच्या मांडीवर टाकला.

“चल आता. मास्तर, पुढच्या महिन्यात काय लावताय?”

“एक फ्रेंच सिनेमा आहे, मिसेस हार्कर. खाली इंग्रजी अक्षरं येतात.”

“नाचगाणं आहे?”

“नाही. एक खेडं आहे, आणि एक बेकरीवाला.”

फीबीने डॉर्कसकडे पाहिलं. डॉर्कस कोटाची बटणं लावत होती.

“चष्मा आणू,” ती म्हणाली.